आधी ओ द्या

हो, आहे की अजून. टाकतेय कुठं? बिस्किटाच्या त्या पत्र्याच्या डब्यात, तुमच्या एका काडीच्या चष्म्याशेजारी. आत्याबाई, माणूस गेल्यावर तरी जरा गप्प बसेल असं वाटलं होतं मला, पण तुमचं आपलं चालूच. रविवारपासून चपात्या लाटायला घेतल्या की कानात तेच, "कॅसेट कुठं ठेवलीस गं?" आहे म्हटलं ना. आणि तुम्हाला आत्ताच कशी आठवण झाली तेही मला माहीत आहे. रविवारी तुमच्या नातीचा पुण्याहून फोन आला, तेव्हा तुम्ही कान लावून बसला असणार. जन्मभर सासू म्हणून तेच केलंत, आता तरी दुसरं काय करणार!

तर काय म्हणाली ते नीट ऐका, म्हणजे मला परत परत सांगायला नको. म्हणाली, "मम्मी, आजीवाली कॅसेट आहे ना? फेकली नाहीस ना? पनडुब्बी फिरसे बना रहे हैं." पन्नाशी उलटली पोरीची, पुण्यात दहा माणसं हाताखाली आहेत, कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते, आणि माझ्याशी अजून निम्मं हिंदीत बोलते. चंदीगडचं पाणी. तोच आपला पाणबुडीचा खेळ ती आता नव्यानं बनवते आहे, आणि ह्या वेळी खलाशांना हुकूम बटणानं नाही, तोंडानं द्यायचे आहेत. नमुन्याला तिला तुमचा आवाज पाहिजे. शनिवारी ती येते आहे इथं चंदीगडजवळ, खरड गावातल्या आमच्या फ्लॅटवर, एक यंत्र घेऊन. कॅसेटची पूर्ण बाजू उतरवून घेणार म्हणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "शेवटपर्यंत कशाला? सुरुवातीचंच चांगलं आहे," मी म्हटलं. "नहीं मम्मी, पक्का पूरी." झालं. तेव्हापासून मला झोप नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. सातवी पास बाईचं पत्र आहे, शुद्धलेखन बघू नका. तुम्हाला तर तेवढंही येत नव्हतं, म्हणून बरं.

कुठून सुरू करू? चंदीगडच्या आपल्या त्या क्वार्टरपासूनच करते. एकामागे एक तीन खोल्या, आगगाडीच्या डब्यासारख्या. पुढची खोली, मधली, मग स्वयंपाकघर, आणि दोन्ही दारं इतकी अरुंद की मी तांदळाची पाटी घेऊन निघाले की समोरच्यानं पोट आत घ्यायचं. मधल्या खोलीत तुमची खाट. तिथून पुढचं दार दिसायचं आणि मागचा गॅसही दिसायचा, म्हणूनच तुम्ही ती जागा धरली होती, मला सगळं कळायचं. पंजाबातले ते दिवस कसे होते ते सांगायला नको. आज कर्फ्यू, उद्या बंद, परवा शाळा सुटल्या तर पोरगी घरी पोचेस्तोवर जिवात जीव नाही. रेडिओवर रोज तेच, बेवारशी वस्तूला हात लावू नका. बसच्या सीटवर कुणाचा डबा राहिला तरी अख्खी बस रिकामी. आणि तुम्ही साताऱ्याकडच्या खेड्यातून आलेल्या, खाटेवर बसून म्हणायच्या, "आमच्याकडं डबा ऱ्हायला तर मानूस धावत यिऊन दिऊन जातंय."

हे, म्हणजे तुमचे थोरले चिरंजीव, सरकारी प्रयोगशाळेत यंत्रं दुरुस्त करायचे. तिथल्या एका साहेबांची बदली झाली, त्यांच्याकडून ह्यांनी तो कॉम्प्युटर आणला. कॉम्प्युटर कसला, नुसता बटणांचा पाट. टीव्हीला जोडायचा, बाजूला टेपरेकॉर्डर लावायचा, आणि कॅसेटवरून त्याच्यात खेळ भरायचा. भरताना पाच मिनिटं असा किर्रर्र आवाज, की तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात, "आरं, त्येचा गळा कोन दाबतंय?" पोरगी तेव्हा बारावीला. त्या पाटावर बसली ती उठेचना. धाकटे भावजी नेव्हीत, पाणबुडीवर. सुट्टीला आले तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, आत कसे कप्पे असतात, दारं कशी गोल आणि एका वेळी एकाच माणसाची, आणि वरच्यानं हुकूम दिला की खालचा तोच हुकूम परत म्हणून दाखवतो आणि मगच हलतो. झालं, हिनं पाणबुडीचाच खेळ करायला घेतला.

आणि त्याच्यावर पुणं लागलं होतं, आठवतंय ना? तिला पुण्याला कॉम्प्युटर शिकायला जायचं होतं. हे नको म्हणायचे. इथं सातच्या आत घरात आण म्हणून जीव टांगलेला, आणि पोरीला दीड दिवसाच्या गाडीनं एकटी पाठवायची? शेवटी कंटाळून म्हणाले, "युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरचं प्रदर्शन आहे, तिथं मांड तुझा खेळ. घरची सोडून परकी तीन माणसं बसली आणि मधेच उठली नाहीत, तर जा पुण्याला. उठली, तर इथंच बी.एस्सी." माझ्याकडं बघून हसलेसुद्धा, कारण त्यांना ठाऊक होतं की माणसं उठणार. मीच उठले होते. तिचा पहिला खेळ मी खेळले ना. सहा खलाशी, सात कप्पे, कुठंतरी पाणी शिरायचं. आधी खलाशाचा नंबर दाबा, मग बाणाच्या बटणांनी एकेक पाऊल त्याला चालवा, दारापाशी वळवा, परत चालवा. एकाला पंपापाशी नेईस्तोवर दुसरीकडं आग. माझा एक खलाशी तर भिंतीला डोकं आपटत उभा राहिला, आणि बोट बुडाली तिसऱ्या मिनिटाला. "मम्मी, यार, ध्यान से!" म्हणाली. मी म्हटलं, "बाई, घरात तुझ्या पप्पांना एक पाऊल हलवता येत नाही मला, हे सहा जण कुठून हलवू?"

आता कॅसेटचं. तुम्ही भावजींना पत्र लिहायच्या नाहीत, बोलायच्या. टेपरेकॉर्डर खाटेशेजारी स्टुलावर ठेवायचा, लाल बटण दाबायचं, आणि अर्धा तास बोलायचं, जेवलास का, पाय ओले ठेवू नकोस. पाणबुडीतल्या माणसाला पाय ओले ठेवू नकोस! मग ती कॅसेट टपालानं जायची, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्यावरच त्यांचा आवाज भरून यायची. ओळखू यावी म्हणून तुम्ही तिला हळदीचं बोट लावलं होतं. पोरीच्या कॅसेटीही तसल्याच, पण बिनहळदीच्या. तिनं खेळ भरला की कॅसेटच्या पाठीमागची खिट्टी मोडायची. खिट्टी मोडली की लाल बटण दबतच नाही, आतलं कुणाला पुसता येत नाही.

प्रदर्शनाला नऊ दिवस होते. त्या दुपारी कर्फ्यू होता. तुम्ही भावजींसाठी बोलायला बसलात, टेपरेकॉर्डर स्टुलावर, तेवढ्यात शेजारच्या भाभीजी मागच्या भिंतीवरून डोकावल्या, आणि तुमचं बोलणं राहिलं ते राहिलंच. संध्याकाळी पोरीनं कॅसेट लावली. किर्रर्र नाही, काही नाही. टीव्ही नुसता निळा. तिनं तार काढून नुसतीच वाजवली, तर त्यातून तुम्ही. "दूध! आगं दूध! कोन हाय का जित्तं? ओ द्या आधी!" पोरगी मटकन खालीच बसली. तिचा सगळा खेळ, पाच महिन्यांचा, त्याच्यावर तुम्ही दूध-दूध करताय. हे आले, विचारलं, "खिट्टी मोडली होतीस ना?" ती रडत म्हणाली, "मोडली होती... वाटतं." "वाटतं म्हणजे काय?" ह्यांनी कॅसेट हातात घेतली, उलटी केली, पाठीवरून अंगठा फिरवला, आणि परत खाली ठेवली. तुम्ही खाटेवरून उठलात. कधी नाही ते डोक्यावरचा पदर पडला तरी सावरला नाहीत. म्हणालात, "मीच दाबलं आसंल ते लाल बटन. भाभी आली आन् तसंच ऱ्हायलं चालू. मला मेलीला दिसत न्हाई, हळद बघितलीच न्हाई म्या."

मी गॅसपाशी उभी होते. भाजीला फोडणी देत होते. एवढंच सांगते.

मग तुम्ही तिच्या शेजारी जमिनीवर बसलात, आणि पाठीवर हात फिरवत राहिलात. तासाभरानं पोरगी नाक पुसून म्हणाली, "जाने दो आजी." आणि कॅसेट परत लावली, रागानं नाही, तुमचा आवाज ऐकून तिला हसू यायला लागलं म्हणून. दहा मिनिटं ऐकली. मागं फिरवली, परत ऐकली. तिसऱ्यांदा ऐकताना वही घेतली. "मम्मी, इधर आ. सुन. आजी कुणाचं नावच घेत नाही." खरंच होतं. तुम्ही म्हणायच्या, दूध. म्हणायच्या, दार. म्हणायच्या, पाणी चाललंय बघा. कोण उठेल, कुठून जाईल, उजवा पाय आधी की डावा, तुम्हाला काय करायचंय? जो जवळ असेल आणि रिकामा असेल तो उठायचा. आणि उठायच्या आधी ओ द्यायचा. ओ नाही आली तर तुम्ही ओळखायच्या की बाई कामात आहे, दुसरं कुणीतरी जाईल. ती सगळी पावलं कॅसेटमध्ये ऐकू येत होती, माझी चप्पल, ह्यांचं खाकरणं, मग "आले आत्याबाई!", मग भांड्याचा आवाज. पोरगी म्हणाली, "मी खलाशांना चालवत होते. चालवायचं नाहीच. काम सांगायचं." ती आणखी पुढं ऐकणार होती, पण ह्यांनी हात घालून टेप बंद केला. म्हणाले, "कळलं ना काय करायचं ते? मग पुरे. कर सुरू." आणि कॅसेट त्या बिस्किटाच्या डब्यात टाकली.

पुढचे आठ दिवस आपलं घर म्हणजे पाणबुडी झालं. आठवतंय? पोरीनं खडूनं तिन्ही खोल्यांत सात कप्पे आखले. बाहेर कर्फ्यू होता, आत आम्ही खलाशी, मी, हे आणि मागच्या भिंतीवरून उतरून आलेल्या भाभीजी. तुम्ही खाटेवर कप्तान. पोरगी घड्याळ घेऊन दारात. तुम्ही ओरडायच्या, "पंप!" आणि भाभीजी चुलीकडं धावत सुटायच्या. "हाय रब्बा, पंप कित्थे है?" "मोरीत! मोरी म्हंजी पंप!" दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात हे आतून निघाले आणि मी बाहेरून, माझ्या हातात उकळत्या डाळीची कढई. दोघंही थांबेनात. डाळ ह्यांच्या पायावर. तुम्ही खाटेवरून कडाडलात, "ज्येच्या हातात गरम, त्येची वाट! रिकाम्यानं मागं सरायचं, एवढं बी शिकवायचं व्हय मी?" पोरीनं लिहून घेतलं. अरुंद दारात भरल्या हाताचा पहिला. तिच्या खेळात आजसुद्धा ते तसंच आहे, ती सांगत होती. नवीन पोरं विचारतात हा नियम कुठून आणला, तर ती म्हणते, माझ्या वडिलांच्या पायावरून.

आणि एक गोष्ट तुम्ही सांगितली ती मला तेव्हा फार लागली होती. पोरगी घाबरून तोच हुकूम दोनदोनदा द्यायची, तर तुम्ही म्हणालात, "येकदा ओ आली ना, मग गप बस. परत हाक मारली की मानूस हातातलं बी सांडतं. ओ दिलेल्यावर इस्वास ठिव." मी मनात म्हटलं, मला मात्र दहादा हाका मारता! तोंडावर म्हणाले सुद्धा. तर तुम्ही काय म्हणालात? "तू ओ देतीस आन् येत न्हाईस. तुझी गोष्ट निराळी."

प्रदर्शनाच्या दिवशी आपण तिघी सायकल-रिक्षात. हे पुढं गेलेले. मांडीवर पोत्यात तो बटणांचा पाट, टेपरेकॉर्डर आणि तारांचा गुंता. चौकात नाका. दोन पोलीस, वाळूच्या गोण्या, बंदुका. एकानं पोत्यातून लोंबणारी तार बघितली आणि तीन पावलं मागं सरला. "उतरो! थैला थल्ले रक्खो! परे हटो!" रिक्षावाला रिक्षा सोडून पळाला. पोरगी पांढरीफटक. तुम्ही तिच्या दंडाला चिमटा काढलात, "आगं, ओ दे की त्येला आधी!" आणि ती मोठ्यांदा ओरडली, "हांजी! हांजी साब! कंप्यूटर है जी, खेल है!" पोलीस म्हणाला, चालवून दाखव. वीज कुठली तिथं? टेपरेकॉर्डरमध्ये सेल होते, तिनं तेवढाच चालू केला, आणि किर्रर्र! दोघंही गोण्यांमागं. एकाची बंदूक वर. तुम्ही पदर खोचून मधे उभ्या. "ए बाबा, पनडुब्बी है! पानी में जाती है! पोरगी का इम्तिहान है!" तो गोण्यांमागून हळूच डोकं काढून म्हणतो, "पनडुब्बी? माताजी, चंडीगढ़ विच पाणी कित्थे है?" तुम्ही म्हणालात, "डब्बे में है!" आधी तो हसला, मग दुसरा. मग पोरीनं एकेक वस्तू उघडून दाखवली, आणि त्यानं स्वतः आपलं पोतं उचलून रिक्षात ठेवलं. पळालेल्या रिक्षावाल्याला त्यानंच हाक मारून आणला. आणि तुम्ही रस्ताभर म्हणत होता, "चांगला व्हता गं पोरगा. आई असंल त्याला."

परकी तीन माणसं बसली, आत्याबाई. पहिला एक कॉलेजातला पोरगा, दुसऱ्या एक बाई, आणि तिसरे हॉलच्या किल्ल्या सांभाळणारे म्हातारे सरदारजी. पडद्यावर मराठी लिहिता येत नव्हतं, म्हणून तुमचा ओ तिथं हांजी झाला होता. सरदारजी एका बोटानं पंपाचं बटण दाबायचे, खलाशाच्या डोक्यावर हांजी यायचं, आणि सरदारजी स्वतःच मोठ्यानं म्हणायचे, "हांजी!" पाणी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. एका दारात दोन खलाशी आले, हातात भार असलेला आधी गेला, रिकामा मागं सरला, आणि सरदारजींनी मांडीवर थाप मारली, "तमीज़ वाले मुंडे ने!" म्हणजे रीतभात असलेली पोरं आहेत. बोट वर आली. आधीची दोघं मधेच उठली नव्हती, तेही उठले नाहीत. परत पहिल्यापासून खेळायला लागले. ह्यांनी खिडकीकडं तोंड केलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. जूनमध्ये पोरगी पुण्याच्या गाडीत बसली.

बघा, सगळं कसं छान झालं. पोरगी अजून सांगते, आजीनं पहिला खेळ पुसला म्हणून दुसरा जमला. सगळ्यांना सांगते, हसत हसत. पुण्यातल्या तिच्या माणसांनाही. आणि मी इतकी वर्षं शेजारी बसून हसले. पण तुम्ही त्या दिवसानंतर टेपरेकॉर्डरला हात लावला नाहीत. भावजींची रिकामी कॅसेट यायची, हळदीचं बोट तसंच, आणि तुम्ही म्हणायच्या, "तूच ल्ही माझ्या नावानं. मला त्या यंत्रातलं कळत न्हाई, मी कुनाचंतरी नुसकान करंन." मी कार्डं लिहायचे. त्यात तुमचा आवाज कुठून येणार? तुम्ही गेलात तेव्हा भावजी समुद्रात होते, आणि आल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, "वहिनी, आईची एखादी कॅसेट राहिली असेल का?" मी नाही म्हणाले. डबा वर फळीवर होता. आता पोरीनं उतरवली की पहिली त्यांना पाठवणार आहे, तिला तसं सांगितलंय मी फोनवर. ऐकतील म्हातारपणी, दूध-दूध. खूप हसतील. जरा उशीर झाला, पण हसतील.

फक्त शनिवारी पोरगी ती बाजू शेवटपर्यंत ऐकणार. आणि शेवटी तुम्ही नाही, मी आहे. खट्‌ करून टेप बंद व्हायच्या आधी माझी कुजबूज आहे, "बास झालं. अक्का हे ऐकून लोळेल हसून." माझी थोरली बहीण हो, गावाकडची. मी तुमची नक्कल करायचे तर तिला खोटं वाटायचं, म्हणून खरीखुरी भरून पाठवणार होते. पोरीनं ऐकायच्या आधी मीच तिला सांगणार आहे, दारातच, तिच्या हातात पाण्याचा पेला द्यायच्याही आधी. ती चिडेल, मग हसेल, मला माहीत आहे ती. तिची भीती नाही वाटत. आधी तुम्हाला सांगायचं होतं. हे पत्र डब्यात ठेवते, कॅसेट निघाली की चष्म्याला सोबत.

खिट्टी मोडलेली होती, आत्याबाई. मी बघितली होती. जुनी गाण्याची असेल असं वाटून, वर भरता यावं म्हणून खिट्टीच्या भोकावर चिकटपट्टी मी लावली. ह्यांच्या अंगठ्याला तीच लागली. लाल बटण मी दाबलं. तुम्ही नाही.